शस्त्राने उतरविलेले वजन : लाभ आणि धोका

(लेखांक पाचवा)

जठराची रचना आणि भुकेची उत्पत्ती यांचे विवेचन गेल्या लेखांकात झाले. आता त्याच जठराला कात्री लावून देहाचा भार उतरविणाऱ्या शस्त्रक्रियेचा लाभ किती आणि धोका किती, हा प्रश्न विचारास घेऊ. एका पक्षाला ही सुखवस्तू लोकांची हौस वाटते. दुसऱ्या पक्षाला, विशेषतः आधीची आणि नंतरची छायाचित्रे शेजारी शेजारी छापणाऱ्या जाहिरातदारांना, तो रामबाण उपाय वाटतो. दोघांचीही गफलत एकच, ती अशी की लाभ ते किलोंत मोजतात आणि धोका शस्त्रक्रियेच्या मेजावर शोधतात. वास्तविक लाभही बहुतांशी अन्यत्र आहे आणि धोकाही.

१९५४ च्या सुमारास अमेरिकेत लहान आतड्याचा बराचसा भाग अन्नमार्गातून वगळण्याची जी पद्धत निघाली, तिने वजन उतरे खरे, परंतु यकृत बिघडे, मूतखडे होत आणि अतिसार पाठ सोडीत नसे. तेव्हा पुढे ती टाकून द्यावी लागली. आयोवा विद्यापीठातील शल्यविशारद एडवर्ड मेसन यांच्या मात्र ध्यानात आले, की व्रणामुळे ज्यांच्या जठराचा मोठा भाग काढावा लागतो ते रुग्ण पुढे सहसा अंग धरीत नाहीत. या निरीक्षणावरून १९६६ साली त्यांनी जी शस्त्रक्रिया केली, तिचीच सुधारलेली आवृत्ती आज ‘गॅस्ट्रिक बायपास’ या नावाने चालते. तीत जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे तीस मिलिलिटरची पिशवी तेवढी राखून ती लहान आतड्याला परस्पर जोडतात; ‘स्लीव्ह’ पद्धतीत जठराचा पाऊण किंवा त्याहून अधिक भाग कायमचा काढून टाकून उरलेल्याची नळी करतात.

यात केवळ पोटाची जागा कमी होते असे समजणे अपुरे होईल. भूक चेतविणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यत्वे जठराच्या ज्या वरच्या भागात स्रवते, तोच भाग स्लीव्हमध्ये जातो. बायपासमध्ये अन्न आतड्याच्या पुढच्या भागी लवकर पोहोचल्याने इन्सुलिनला चालना देणारी संप्रेरके वाढतात. आणि म्हणूनच अनेक मधुमेहींची रक्तशर्करा, वजन म्हणण्यासारखे घटण्यापूर्वीच, थोड्या दिवसांत खाली येते. खरी जमा ती ही.

आयुर्मानाचा हिशेब स्वीडनमध्ये १९८७ साली आरंभिलेल्या एका दीर्घ अभ्यासाने मांडला. शस्त्रक्रिया झालेले २,०१० आणि न झालेले परंतु तत्सम असे २,०३७ लोक यांचा सरासरी सुमारे अकरा वर्षे मागोवा घेतल्यावर, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणे, पहिल्या गटात १०१ आणि दुसऱ्यात १२९ मृत्यू झाले होते. वय, लिंग आदी गोष्टींची वजावट करून या फरकाला ‘मृत्यूची शक्यता २९ टक्क्यांनी घटली’ असे म्हणतात, आणि ते खोटे नाही. परंतु तोच फरक शेकड्याने मांडला तर अकरा वर्षांत दर शंभरांमागे एकाहून किंचित अधिक माणूस वाचला, एवढाच होतो. दोन्ही आकडे रुग्णापुढे ठेवणे हे वैद्याचे कर्तव्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, हेही नजरेआड करून चालणार नाही. पहिल्या नव्वद दिवसांत शस्त्रक्रियेच्या गटातील पाच जण दगावले; ज्या जोखमीचे लोकांना सर्वाधिक भय वाटते, तिचे प्रमाण हे एवढेच.

त्याच वर्षी अमेरिकेतील युटा संस्थानातून आलेला अहवाल अधिक विचारात पाडणारा आहे. बायपास झालेल्यांत एकूण मृत्यू ४० टक्क्यांनी आणि मधुमेहाने होणारे ९२ टक्क्यांनी कमी आढळले, परंतु अपघात, आत्महत्या इत्यादी रोगेतर कारणांनी होणारे ५८ टक्क्यांनी अधिक. याची कारणमीमांसा अजून पुरी झालेली नाही. तथापि बायपासनंतर मद्य रक्तात फार वेगाने चढते आणि व्यसनाचा धोका वाढतो, हे निश्चित आहे. म्हणजे शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाचे मन तपासणे हा निव्वळ दफ्तरी उपचार नव्हे.

देण्याची दुसरी बाजू संथ, परंतु तहहयात आहे. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि ब-१२ यांच्या पूरक गोळ्या अथवा इंजेक्शने आणि नियमित रक्ततपासणी यांना मुदत नाही. त्यातही आपल्याकडील शाकाहारी माणसात ब-१२ मुळातच बेताचे असते, आणि हयगय झाल्यास पंडुरोगापासून मज्जातंतूंच्या विकारापर्यंत मजल जाते. बायपास झालेल्याने पंगतीत श्रीखंडाची वाटी संपविली, तर घाम, छातीत धडधड आणि घेरी यांची तयारी ठेवावी. स्लीव्हनंतर पुष्कळांची आम्लपित्ताची जळजळ वाढते. आणि उतरलेल्या वजनापैकी काही भाग कालांतराने बहुतेकांच्या अंगी परत येतो.

१९९१ साली अमेरिकेत ठरलेल्या दंडकानुसार देहभारांक ४० असल्याशिवाय, किंवा सोबत गंभीर व्याधी असेल तर ३५ असल्याशिवाय, ही शस्त्रक्रिया करू नये असे होते. २०२२ साली तज्ज्ञसंस्थांनी ही मर्यादा ३५ वर आणली, मधुमेहासारखी व्याधी असल्यास ३० वर, आणि आशियाई वंशाच्या लोकांत २७.५ पासूनच विचार करण्यास अनुमती दिली. मधुमेह अलीकडचा असून इन्सुलिन सुरू झालेले नसेल, तर तो आटोक्यात येण्याची शक्यता सर्वाधिक असते. पंधरा-वीस वर्षे मुरलेल्या मधुमेहात ती पुष्कळच घटते. तेव्हा ‘सर्व उपाय थकल्यावर शस्त्रक्रिया’ हा आपल्याकडचा रिवाज अशा रुग्णांच्या बाबतीत उलटा पडतो, कारण इतर उपाय थकेपर्यंत लाभाचा मोठा भाग हातचा गेलेला असतो. आठवड्याच्या नव्या इंजेक्शनांनी या हिशेबात कोणता फेरबदल केला आहे, ते पुढील लेखांकी पाहू.