ओला कचरा घरातच मुरवा

खतासाठी फार काही लागत नाही. बुडाला आणि कडेने भोकं पाडलेली जुनी बादली, खाली एक ताटली आणि पोतंभर वाळका पालापाचोळा. भाजीची देठं, फळांची सालं, चहाचा चोथा बारीक करून टाकायचा आणि प्रत्येक वेळी वर पाचोळ्याचा जाड थर पसरायचा. विरजण म्हणून थोडं आंबट ताक किंवा मूठभर तयार खत. तीन-चार दिवसांनी खालीवर करायचं. वास मारू लागला, तर ओल जास्त झाली आणि हवा कमी पडली असं समजा. पाचोळा वाढवा. अळ्या दिसल्या तरी किंचाळू नका, त्या आपलंच काम हलकं करत असतात. दोन-तीन महिन्यांत ओल्या मातीचा वास आला की खत झालं.

सोसायटीने मिळून केलं तर आवारातला पाचोळाही जाळावा लागत नाही.

सुक्याची गोष्ट निराळी. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली आणि पुढे तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था. तिचे सभासद दारोदार कचरा गोळा करतात. सुका माल विकून आलेले पैसे त्यांचे. आमटीत भिजलेल्या कागदाला मात्र भंगारात कोणी विचारत नाही. म्हणून दुधाची पिशवी धुऊन, वाळवून द्या, आणि कापताना तिचा कोपरा सुटा करू नका. तो चिमुकला तुकडा वेचायला कोणाचाच हात पोचत नाही.