पडदा काळा म्हणजे टॅब मेला असे नाही

परीक्षा संपते, मुलांचा टॅब कपाटात जातो आणि जूनमध्ये बाहेर काढला की पडदा काळाठिक्कर. बटण दाबून उपयोग नाही, चार्जर लावूनही हालचाल नाही. घरातले कोणीतरी 'डेड झाला' म्हणून मोकळे होते. पुढच्या तासाभरात घाईने जे उपाय होतात, त्यांनी मूळ बिघाडापेक्षा मोठे नुकसान होऊ शकते. टॅब नवा घेता येतो, त्यातले फोटो नव्याने काढता येत नाहीत.

'पाच मिनिटे चार्जर लावला, चिन्हसुद्धा दिसले नाही. टॅब कायमचा गेला.'

असे वाटणे स्वाभाविक आहे, कारण रोजच्या फोनची सवय तशी असते: पिन घातली की बॅटरीचे चिन्ह दिसते. पण फोन शून्य टक्क्यांवर बंद पडतो तेव्हाही त्याच्या बॅटरीत थोडी शक्ती राखलेली असते. महिनोन्महिने पडून राहिलेल्या टॅबमधली तीही हळूहळू झिरपून जाते. लिथियम-आयन सेल पूर्ण भरलेला असताना साधारण ४.२ व्होल्ट दाखवतो. तो ३ व्होल्टच्या आसपास किंवा त्याखाली उतरला की चार्जिंगचे सर्किट सुरुवातीला मुद्दाम अगदी क्षीण प्रवाह सोडते, कारण इतक्या रित्या सेलमध्ये एकदम पूर्ण प्रवाह सोडणे धोक्याचे असते. या काळात पडदा उजळण्यापुरतीही वीज नसते. टॅब चार्ज होत असतो आणि दिसतो मात्र मेलेला.

त्यात चार्जर अपुरा असला तर प्रतीक्षा आणखी लांबते. २०१० च्या पहिल्या आयपॅडची बॅटरी २५ वॅट-तासांची होती आणि सोबतचा अडॅप्टर १० वॅटचा. संगणकाच्या जुन्या यूएसबी पोर्टमधून मिळतो ५ व्होल्टला अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट. काहीच वाया गेले नाही असे धरले, तरी ती बॅटरी भरायला दहा तास लागतील. म्हणून टॅब भिंतीवरच्या सॉकेटला, त्याच्याच किंवा तेवढ्याच ताकदीच्या चार्जरने जोडावा. केबल दुसऱ्या यंत्रावर चालते याची खात्री करावी. चार्जिंगच्या खाचेत कापसासारखा मळ बसला असेल तर तो लाकडी काडीने हलकेच काढावा. टाचणी वापरू नये. मग किमान तासभर टॅबला हात लावू नये. दर दोन मिनिटांनी बटण दाबले, तर जमलेली थोडीशी शक्ती सुरू होण्याच्या प्रत्येक प्रयत्नात खर्ची पडते.

एखादी बॅटरी खरोखरच परत येत नाही, हे मान्य. तरीही गेलेली असते ती बॅटरी. माहिती वेगळ्या चिपमध्ये सुरक्षित असू शकते.

'बटण दाबूनही काही होत नाही, म्हणजे बोर्ड गेला.'

टॅब आधीच चालू असून अडकलेला असू शकतो. बटणाच्या साध्या दाबाला सॉफ्टवेअर उत्तर देते आणि तेच गोठले असेल तर उत्तर द्यायला कोणी उरत नाही. पूर्वी फोनची बॅटरी काढून पुन्हा घातली की काम होई. टॅबची बॅटरी आत चिकटवलेली असते. तिच्या जागी बटणे धरून सक्तीने पुन्हा सुरू करण्याची सोय दिलेली आहे. होम बटण असलेल्या आयपॅडवर होम आणि वरचे बटण एकत्र, बोधचिन्ह दिसेपर्यंत धरावे. होम बटण नसलेल्यावर एक आवाजबटण दाबून सोडावे, मग दुसरे दाबून सोडावे आणि वरचे बटण धरून ठेवावे. सुरुवात वरच्या बटणाजवळच्या आवाजबटणापासून करावी. सॅमसंगच्या टॅबवर पॉवर आणि आवाज कमी करण्याचे बटण सात सेकंदांहून अधिक धरावे. यात माहिती पुसली जात नाही.

टॅब चालू आहे पण फक्त दिसत नाही, असेही घडते. सूचनेचा आवाज येतो का, संगणकाला जोडल्यावर तो ओळखला जातो का, हे पाहावे. एलसीडी पडद्यावर अंधारात तिरका टॉर्च धरल्यावर पुसट चित्र दिसले, तर बिघाड पडद्यामागच्या प्रकाशात आहे.

'आता सॉफ्टवेअर मारून घेण्याशिवाय पर्याय नाही.'

या सल्ल्याने अनेक टॅब सुरू होतात, म्हणूनच तो टिकून आहे. पण त्याची किंमत नंतर कळते. कंपनीचे बोधचिन्ह दिसून टॅब तिथेच अडकत असेल, तर दोष सॉफ्टवेअरचा असण्याची शक्यता मोठी; पडद्यावर काहीच येत नसेल, तर आधी वीज आणि पडदा तपासायला हवा. दोष सॉफ्टवेअरचा असला तरी पहिली पायरी पुसण्याची नसते. रिकव्हरी मोडमधला आयपॅड संगणकाला जोडला की 'अपडेट' आणि 'रिस्टोअर' असे दोन पर्याय येतात. पहिला माहिती जपून प्रणाली पुन्हा बसवण्याचा प्रयत्न करतो, दुसरा सगळे पुसतो. अँड्रॉइडमध्ये 'वाइप कॅश' तात्पुरत्या फाइलींपुरते असते, 'वाइप डेटा' मात्र सर्वस्वी. आजच्या टॅबमधली माहिती सांकेतिक रूपात साठवलेली असते. पुसताना तिची किल्लीच नष्ट होते आणि मग कुशल कारागीरही ती परत आणू शकत नाही. दुकानदाराला टॅब देताना 'डेटा पुसायचा नाही' हे आधीच स्पष्ट सांगावे.

'भिजला असेल तर तांदळाच्या डब्यात ठेवा.'

रात्रभर तांदळात ठेवलेला टॅब सकाळी सुरू होतो आणि श्रेय तांदळाला मिळते. उघड्यावर ठेवला असता तरी पाणी तेवढेच उडाले असते. उलट तांदळाचे बारीक कण खाचेत शिरतात. २०२४ मध्ये ॲपलच्या आयफोनविषयक सूचनांतही याच कारणासाठी तांदूळ टाळायला सांगितले होते. खाच खाली करून यंत्र हवेशीर कोरड्या जागी ठेवावे आणि पूर्ण सुकेपर्यंत चार्जर लावू नये.

'बॅटरी थोडी फुगली आहे, दाबून बसवली की चालेल.'

दाबल्यावर उचललेली काच खाली बसते, कधी टॅब सुरूही होतो, त्यामुळे विश्वास बसतो. पण फुगवटा हा बंद पिशवीत साठलेला वायू असतो. दाबाने आतले पातळ थर एकमेकांना टेकले तर आग लागू शकते. अशा टॅबला तासभर चार्ज करण्याचा वरचा सल्लाही लागू नाही. तो बंद करावा, उशी-गादीपासून दूर, कठीण न पेटणाऱ्या पृष्ठभागावर ठेवावा आणि सेवा केंद्राकडे किंवा ई-कचरा केंद्राकडे द्यावा; घंटागाडीत टाकू नये.