मूठ ओढून सुरू होणारी मोटार

इंग्लंडातील अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून १९५५ ते १९६२ या काळात एमजीए नावाच्या ज्या एक लाखाहून थोड्या अधिक स्पोर्ट्स मोटारी बाहेर पडल्या, त्यांचे इंजिन किल्ली फिरवून सुरू होत नाही. किल्ली ठिणगीची वीज चालू करते. इंजिनाला पहिला हिसका देण्याचा हुकूम सुटतो तो डॅशबोर्डावरच्या वेगळ्या मुठीतून. ती ओढली की तिच्यामागची तार इंजिनाच्या बाजूला असलेला एक ओबडधोबड स्विच दाबते आणि शंभराहून अधिक अँपियरचा प्रवाह स्टार्टरकडे, आपले मिस्त्री ज्याला 'सेल्फ' म्हणतात त्याच्याकडे, धाव घेतो. आपल्या जुन्या अ‍ॅम्बॅसडरचे १,४८९ घनसेंटीमीटरचे इंजिन आणि पहिल्या एमजीएचे इंजिन एकाच घराण्यातले.

असा जुना स्विच उघडून पाहिला, तर त्याच्या पोटात तांब्याची एक जाड चकती आणि तिच्यासमोर दोन खुंट्या, एवढाच संसार आढळतो. चकती खुंट्यांपासून अलग होताना दर वेळी क्षणमात्र वीज चमकते, त्या चमकेत तांब्याचा सूक्ष्म अंश जळतो, आणि अनेक दशकांच्या अशा झिजेनंतर जो पृष्ठभाग आरशासारखा असावा, तो देवीच्या व्रणांनी भरलेल्या चेहऱ्यासारखा खडबडीत व काळा होतो. मग सेल्फ कधी लागतो, कधी लागत नाही.

तथापि नवा स्विच मागवण्यापूर्वी दोष त्याचाच आहे याची खातरजमा करावी, असा माझा आग्रह आहे. कारण उतरलेली बॅटरी किंवा ढिला जोड यांच्या अपराधाची शिक्षा पुष्कळदा या निरपराध स्विचला होते. दिवे लावून मूठ ओढावी. ते एकदम मंदावले, तर बॅटरी, जोड व स्टार्टर तपासावेत. ते प्रखरच राहिले आणि सेल्फ मुका राहिला, तर व्होल्टमीटरची दोन टोके स्विचच्या दोन खुंट्यांना लावून पुन्हा मूठ ओढावी. काटा बाराच्या आसपास स्थिर राहिला, तर स्विच वीज पुढे जाऊ देत नाही, हे सिद्ध झाले.

बदलण्याच्या कामात पहिली तजवीज बॅटरीची. आसनांमागे सहा-सहा व्होल्टांच्या दोन बॅटऱ्या असतात आणि त्यांचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते. ते आधी सोडवावे. या मार्गावर फ्यूज नसल्याने खुंटी आणि पत्रा यांच्यामध्ये पाना अडकला, तर तो पाहता पाहता लाल होतो. खुंटीवरचा वरचा नट फिरवताना खालचा नट दुसऱ्या पान्याने धरून ठेवावा, नाहीतर खुंटीच फिरून तिची बैठक तडकते. बॅटरीकडच्या खुंटीवर जाड केबलखेरीज उरलेल्या गाडीला वीज पुरवणारी बारीक तारही असते. ती चुकून स्टार्टरकडच्या खुंटीवर बसली, तर मूठ ओढल्याशिवाय दिवासुद्धा लागत नाही.

सर्वांत नाजूक काम ओढतारेचे. मूठ आत असताना तारेत किंचित सैलपणा ठेवावा. ती ताणलेली राहिली, तर चकती अर्धवट टेकून नवा स्विचही जळतो. शेवटी सेल्फ फिरत असताना दोन खुंट्यांमधील व्होल्टेज मोजावे. ते अर्ध्या व्होल्टाच्या आत असले, तर काम चोख झाले.