हाक

सत्तरी ओलांडलेल्या माणसाने बास्केटबॉलवर लिहावे, हे आमच्या घरात कोणालाच पटलेले नाही. सौभाग्यवतींचे म्हणणे असे की, ज्याला फळीवरचा डबा खुर्चीवर चढल्याशिवाय काढता येत नाही, त्याने दहा फुटांवरच्या कडीविषयी बोलू नये. पण नात कॉलेजच्या संघात खेळते, आणि सामन्याच्या दिवशी तिची पाण्याची बाटली, टॉवेल आणि गुडघ्याचे मलम सांभाळण्यास घरात माझ्याइतका रिकामा माणूस दुसरा नाही. अशा रीतीने मी बेळगावात बास्केटबॉलचा जाणकार झालो.

पहिल्याच सामन्यात माझी फजिती झाली. मैदानात सारखा एकच शब्द ऐकू येत होता, ‘हाक! हाक!’ मला वाटले, पोरी कोणाला तरी बोलवायला सांगत आहेत. मीही बाकावरून उठून इकडे-तिकडे पाहू लागलो. मध्यंतरात नातीला विचारले, तर ती हसून हसून बेजार. म्हणाली, “आजोबा, ती कानडी हाक. हाक म्हणजे टाक!” कानडीत ‘हाकु’ म्हणजे टाक, घाल, खेळाच्या घाईत शेवटचा उकार गळून पडतो. संघात निम्म्या मुली कानडी घरांतल्या, निम्म्या मराठी. चेंडू मागायला त्यांना तोंडात पटकन बसणारा शब्द हवा होता, तो त्यांनी घेतला. तो कोणाच्या भाषेतला, हे पाहत बसायला कोणाला वेळ नाही.

आणि वेळ खरोखरच नसतो. चेंडू ताब्यात आला की 24 सेकंदांच्या आत तो कडीकडे फेकलाच पाहिजे, नाहीतर दुसऱ्या संघाला द्यावा लागतो. हा नियम मात्र खेळाच्या जन्मापासूनचा नव्हे. 1891 सालच्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या एका शिक्षकाने, थंडीमुळे आत कोंडल्या गेलेल्या दांडग्या विद्यार्थ्यांसाठी हा खेळ रचला. व्यायामशाळेच्या सज्जाला त्याने पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या. सज्जा दहा फुटांवर होता म्हणून टोपली दहा फुटांवर लागली, आणि आजही कडी तेवढ्याच उंचीवर आहे. पहिल्या सामन्यात चेंडू टोपलीत पडला तो एकदाच. त्या काळी तो आत पडला की शिडी लावून काढावा लागे, हे वाचून आमच्या सौभाग्यवतींचे खेळाविषयीचे मत जरा निवळले.

पुढे या खेळाला एक दुखणे जडले. ज्याचे गुण जास्त, तो संघ चेंडू धरून बसू लागला. द्यायचा नाही, टाकायचा नाही, नुसता आपसात फिरवायचा. 22 नोव्हेंबर 1950 रोजी अमेरिकेत व्यावसायिक संघांचा एक सामना झाला, तो संपला 19–18 वर! प्रेक्षक कंटाळून उठून जाऊ लागले. तेव्हा डॅनी बियासोन नावाच्या संघमालकाने 1954 मध्ये साधा किराणा दुकानातला हिशेब मांडला. सामना 48 मिनिटांचा, म्हणजे 2880 सेकंदांचा, चांगल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे 120 वेळा चेंडू फेकतात, भागाकार 24. ठेवा घड्याळ, आणि करा सुरू! आंतरराष्ट्रीय खेळात 1956 साली 30 सेकंदांची मर्यादा आली, ती 2000 मध्ये 24 वर उतरली. अमेरिकेतली कॉलेजे मात्र चेंगट. तिथल्या मुलांच्या सामन्यांत घड्याळ सरसकट आले ते 1985 मध्ये, आणि तेही ऐसपैस 45 सेकंदांचे. विद्येच्या ठिकाणी घाई नसावी, असे त्यांना वाटले असावे.

1956 हा आकडा लिहिताना आमच्या भागातल्या माणसाचा हात जरा थबकतो. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला बेळगाव आणि निपाणी म्हैसूर राज्यात गेली. मग 1966 मध्ये महाजन आयोग नेमला गेला, 1967 मध्ये त्याचा अहवाल आला, 2004 मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. त्यालाही वीस वर्षे उलटून गेली. 1956 पासूनचे सेकंद मी नातीकडून मोबाइलवर मोजून घेतले, ते दोनशे कोटींच्या वर भरले. चेंडू आयोगाकडून विधानसभांकडे, विधानसभांकडून न्यायालयाकडे फिरतो आहे; प्रेक्षक मात्र उठून जाऊ शकत नाहीत, कारण त्यांची घरेच मैदानात आहेत.

माझे मूळ घर निपाणीचे. तंबाखूच्या वखारींच्या त्या गावातून आम्ही 1967 च्या सुमारास रोज पायी देवचंद कॉलेजात जात असू. कॉलेज 1960 चे, गावाच्या कडेला अर्जुननगरला. पण गाव म्हैसूर राज्यात आणि कॉलेज महाराष्ट्रात, कागल तालुक्यात. न्याहारी एका राज्यात, पहिला तास दुसऱ्या राज्यात, आणि जेवायला पुन्हा पहिल्यात! आम्हाला त्याचे काहीच वाटत नसे. खेळ पाहू लागल्यावर त्यातली एक गंमत मला आत्ता कळली. अर्जुननगरचा संघ कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा, म्हणजे पश्चिम विभागाचा. निपाणी गावातल्या कॉलेजचा संघ बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाचा, म्हणजे दक्षिण विभागाचा. एकाच गल्लीत वाढलेल्या दोन मुली विद्यापीठांसाठी खेळू लागल्या, तर आपापला विभाग पार करून अखिल भारतीय स्पर्धेपर्यंत पोचल्यावरच त्यांची गाठ पडायची.

मोबाइल आला तेव्हा त्यालाही हे कोडे उलगडेना. निपाणीतल्या घरी बसलेल्या माणसाच्या फोनला पलीकडच्या मनोऱ्याची रेंज लागे, आणि ‘महाराष्ट्रात आपले स्वागत’ असा संदेश येई. स्वागत फुकट नसे. मागोमाग रोमिंगचे पैसे कापले जात. एकदा माझा धाकटा भाऊ माडीवरून माझ्याशी बोलत होता. तो जिना उतरून परसात गेला आणि बोलता बोलता राज्य बदलले. 2017 च्या सुमारास देशातले रोमिंगचे पैसे बंद झाले, आणि आमच्यापुरती तेवढी तरी सीमा पुसली गेली. जे आयोगाला जमले नाही ते धंद्यातल्या चढाओढीने केले.

पण फोन स्वस्त झाला म्हणून बोलणे वाढतेच असे नाही. त्या भावाने अकरा वर्षांपूर्वी मला एक कागद पाठवला होता. निपाणीच्या वाड्याची मागची पडवी खचली आहे, ती पाडून दोन खोल्या बांधायच्या आहेत, सही हवी. पडवी आमच्या आईची. मी सही केली नाही, आणि नाहीही म्हटले नाही. लग्नकार्यात आम्ही भेटतो, शेजारी बसून जेवतो. पडवीचा विषय निघाला की मी, “बघू” म्हणतो. दर पावसाळ्यात एक-दोन वासे खाली येतात.

परवा नातीचा सामना होता, उघड्या मैदानावर, संध्याकाळचा. शेवटचे अर्धे मिनिट उरले, आमचा संघ एका गुणाने मागे, आणि लाईट गेली. उजेड पुरेसा होता, पण विजेवरचे घड्याळ काळेठिक्कर पडले. पंचांनी खेळ थांबवला. शेवटी एका पोराने मोबाइलवर घड्याळ लावले आणि तो मोठ्याने उलटे मोजू लागला, “हत्तु, ओंबत्तु, एंटु...” चेंडू नातीच्या हातात. समोर तिच्याहून वीतभर उंच दोन मुली. चारी बाजूंनी ओरडा, ‘हाक! हाक!’ “मूरु, येरडु...” तिने टाकला. चेंडू कडीवर आपटला, क्षणभर काठावर रेंगाळला, आणि बाहेर पडला.

रिक्षातून परतताना मी तिची समजूत घालू लागलो, तर तीच माझी घालू लागली. म्हणाली, “पडला नाही तर नाही, आजोबा. हातातच राहिला असता, तर आज रात्री झोप लागली नसती.” मग घरात कुंदा शिल्लक आहे का, असे तिने विचारले आणि विषय संपवला.

त्या रात्री झोप लागली नाही ती मला. कपाटातून कागद काढला. घडीवर तो विरत आला आहे. आईची पडवी म्हणून मी जी राखतो आहे असे मला वाटत होते, ती पडवी मीच अकरा पावसाळे भिजवली. सकाळी सही केली आणि फोन लावला. घंटा एकदाच वाजली. मी म्हणालो, “सही केली आहे रे. रविवारी घेऊन येतो.”

पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मग भाऊ म्हणाला, “मला वाटत होते, दादा, बेळगावात रेंजच येत नाही.”