बिऱ्हाड पाठीवर, मुक्काम किनाऱ्यावर

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण मराठीत सहसा अस्थिर आयुष्याविषयी वापरली जाते. बेंगळुरूतील अनेक तरुण नोकरदारांनी मात्र हेच बिऱ्हाड हौसेने पाठीवर घेतले आहे. शुक्रवारी सायंकाळी पाठीवर एक पिशवी, रात्रीची गाडी आणि शनिवारी सकाळी समोर अरबी समुद्र! नोकरीनिमित्त या शहरात आलेले मराठी तरुणही त्यांत असतात. गावाकडे असलेल्या त्यांच्या आईवडिलांना मात्र दोन प्रश्न पडतात. इतक्या थोड्या पैशांत हे जमते कसे? आणि अनोळखी लोकांसमवेत एका खोलीत राहणे सुरक्षित असते का? हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

एका वादळी रात्रीची देणगी

अल्पखर्ची वसतिगृहाची कल्पना शतकाहून जुनी आहे. जर्मनीतील रिचर्ड शिरमान हे शिक्षक ऑगस्ट १९०९ मध्ये विद्यार्थ्यांना घेऊन पदभ्रमणास निघाले असता वादळात सापडले. त्या रात्री त्यांना एका शाळेत आश्रय मिळाला. सुटीत रिकाम्या पडणाऱ्या शाळा प्रवासी मुलांच्या मुक्कामासाठी वापरता येतील, हा विचार त्यातून पुढे आला. १९१२ मध्ये आल्टेना येथील किल्ल्यात कायमस्वरूपी वसतिगृह सुरू झाले आणि १९३२ मध्ये अशा संस्थांचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. भारतातील ‘यूथ हॉस्टेल्स असोसिएशन’ हिमालयातील पदभ्रमणांमुळे अनेक मराठी कुटुंबांच्या परिचयाची आहे. ‘झॉस्टेल’सारख्या खासगी वसतिगृहांची साखळी २०१३ मध्ये जोधपूर येथून सुरू झाली. आपल्याकडील धर्मशाळेचे आणि भक्तनिवासाचे तत्त्वही याहून फारसे निराळे नाही.

स्वस्ताईचे गणित

लॉजमध्ये प्रवासी खोलीचे भाडे देतो, तर हॉस्टेलमध्ये केवळ खाटेचे. एका दालनात चार, सहा वा आठ खाटा असतात. स्नानगृह, बैठकीची जागा आणि काही ठिकाणी स्वयंपाकघरही सामाईक असते. अशा रीतीने एका खोलीचा खर्च अनेकांत विभागला जातो.

उदाहरणादाखल असे मानू, की खाटेचा दर ६०० रुपये आणि लॉजमधील तीन माणसांच्या खोलीचा दर १,५०० रुपये आहे. एकट्या प्रवाशाचे हॉस्टेलमध्ये ९०० रुपये वाचतात. तिघे मित्र गेले, तर तीन खाटांचे १,८०० रुपये होतात व लॉज ३०० रुपयांनी स्वस्त पडते. तात्पर्य, हॉस्टेल सर्वांसाठी नेहमीच स्वस्त असते असे नाही. त्याचा खरा लाभ एकट्या प्रवाशाला होतो. शिवाय नाताळ ते नववर्ष या काळात किनाऱ्यावरील दर वाढतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी ते बहुधा उतरतात.

किनाऱ्याची वाट

कर्नाटकाला सुमारे ३०० किलोमीटरचा किनारा लाभला आहे. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण कोकण रेल्वे वाहतुकीस खुली झाली आणि उडुपी, कुंदापूर, भटकळ, मुरुडेश्वर, होन्नावर, कुमठा, गोकर्ण, अंकोला, कारवार ही गावे एका रुळावर आली. बेंगळुरूहून कारवारला जाणारी ‘पंचगंगा एक्स्प्रेस’ २०२० मध्ये सुरू झाली. हे नाव वाचून कोल्हापूरकरांना आपली नदी आठवेल. ही गाडी मात्र ज्या पंचगंगावळीचे नाव मिरवते, ती नदी कुंदापूरजवळ समुद्रास मिळते. सकलेशपूर ते सुब्रह्मण्य या घाटात लोहमार्गावर ५७ बोगदे आहेत.

गोकर्ण हे महाबळेश्वराच्या मंदिरामुळे मराठी भाविकांना पूर्वीपासून ठाऊक आहे. तेथील कुडले व ओम हे किनारे टेकडीवरील पायवाटेने जोडलेले आहेत. पुढे मरवंते येथे महामार्गाच्या एका बाजूस समुद्र आणि दुसऱ्या बाजूस सौपर्णिका नदी दिसते. मलपेसमोरील सेंट मेरी बेटावर लाव्हा थंड होऊन बनलेले बहुकोनी स्तंभ आहेत. पावसाळ्यात तेथील बोटी बंद असतात. १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असलेल्या कारवारमध्ये मराठी आजही अनेकांना समजते.

काटकसर कोठे थांबवावी

निवाऱ्यावर काटकसर करता येते, सुरक्षिततेवर नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मुरुडेश्वर येथे कोलार जिल्ह्यातून शालेय सहलीस आलेल्या चार मुलींचा समुद्रात बुडून मृत्यू झाला. तो पावसाळा नव्हता, ही बाब विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. किनाऱ्यावर आलेल्या लाटांचे पाणी काही ठिकाणी अरुंद व वेगवान प्रवाहाच्या रूपाने परत आत जाते. वरून तो भाग शांत दिसत असल्याने फसगत होते. अशा ओढीत सापडल्यास थेट किनाऱ्याकडे झुंजत येण्याचा प्रयत्न करू नये. प्रथम किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडावे आणि मग परतावे. पोहता येत नसल्यास गुडघाभर पाण्यापुढे जाऊ नये. जीवरक्षकांची सूचना मानावी आणि जीवरक्षक जाकिटाशिवाय बोटीत बसू नये.

मुक्कामाबाबतही काही पथ्ये आहेत. खाट राखून ठेवण्यापूर्वी महिलांसाठी स्वतंत्र दालन आहे का, लॉकर आहे का आणि रात्री कोणी जबाबदार व्यक्ती असते का, याची चौकशी करावी. लॉकरसाठी स्वतःचे कुलूप न्यावे. ओळखपत्र म्हणून पहिले आठ अंक झाकलेली आधारची प्रत देता येते. मोबाइलवरून पैसे देण्याची सोय सर्वत्र झाली असली, तरी टेकड्यांआड संपर्क तुटतो. म्हणून थोडी रोख रक्कम दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी. कार्ड वा मोबाइल हरवल्यास बँकेला तत्काळ कळवावे. खात्यातून फसवणुकीने पैसे गेल्यास १९३० आणि अन्य संकटात ११२ हे क्रमांक उपयोगी पडतात.

रोजचा मुक्काम आणि परतीची गाडी यांची नोंद घरी देऊन ठेवण्यास एक पैसाही लागत नाही. मुलगी किंवा मुलगा किनाऱ्यावर असताना गावाकडील आईवडिलांना रात्री निर्धास्त झोप लागावी, यासाठी ती नोंद पुष्कळ कामाची आहे.