जत्रेतील पाल आणि पेठेतील दुकान

विक्री करणाऱ्यांच्या आपल्याकडे फार पूर्वीपासून दोन तऱ्हा चालत आल्या आहेत. पहिली आठवडी बाजाराची आणि जत्रेची. सोमवारी या गावी, गुरुवारी त्या गावी आणि यात्रेच्या दिवसांत देवळाच्या वाटेवर पाल ठोकायचे, माल मांडायचा, ओरडून लोकांना बोलवायचे आणि दिवेलागणीला गाशा गुंडाळायचा. दुसरी तऱ्हा पेठेतील दुकानाची. तेथे दारावर नावाची पाटी असते, गल्ल्याशेजारी खातेवही असते आणि कोणत्या घरचा लग्नाचा बस्ता गेल्या वर्षी आपल्याकडे बांधला गेला हे दुकानदाराला तोंडपाठ असते. जत्रेत गर्दी मिळते, पेठेत गिऱ्हाईक मिळते. गर्दी आणि गिऱ्हाईक या दोन गोष्टी एक नव्हेत, हे कोणताही जुना व्यापारी सांगेल.

मोबाईल फोन हाती आल्यापासून बारा महिने तेरा काळ चालणारी एक जत्रा आपल्या खिशात आली आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप, यूट्यूब ही तिची नावे. लोणची-पापड करणाऱ्या गृहिणी, चपला शिवणारे कारागीर, रोपवाटिकावाले, दागिने घडवणाऱ्या मुली या साऱ्यांनी तेथे पाल ठोकले आहेत. भाडे नाही, अनामत नाही, दलाल नाही. हे मोठेच उपकार आहेत आणि ते नाकारण्याचा या लेखाचा हेतू नाही. प्रश्न एवढाच की, पालावर संसार चालेल काय? छोट्या व्यावसायिकाला आंतरजालावर स्वतःचे, स्वतःच्या नावाचे दुकान हवे की समाजमाध्यमावरील खाते पुरेसे आहे?

जत्रा कोणाची?

प्रथम या जत्रेचे मालक कोण ते पाहू. फेसबुक २००४ साली सुरू झाले. त्याच कंपनीने २०१२ साली इन्स्टाग्राम आणि २०१४ साली व्हॉट्सॲप विकत घेतले. आज ही कंपनी मेटा या नावाने ओळखली जाते. म्हणजे ज्या तीन ठिकाणी आपण 'सगळीकडे आहोत' असे समजतो, ती तिन्ही ठिकाणे एकाच मालकाची आहेत. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी याचा प्रत्यय साऱ्या जगाला आला. कंपनीच्या स्वतःच्याच जाळ्याच्या देखभालीत चूक झाली आणि ही तिन्ही माध्यमे सुमारे सहा तास एकाच वेळी बंद पडली. ज्यांचे दुकान केवळ तेथे होते, त्यांच्या दुकानाला तेवढा वेळ कुलूप लागले आणि किल्ली हजारो मैलांवर होती.

सहा तास हे थोडे झाले. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट कायमचे बंद झाले. सामान्य वापरकर्त्यांसाठीचे गूगल प्लस २ एप्रिल २०१९ रोजी मिटले. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने सुरक्षेच्या कारणास्तव ५९ ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होते. त्या निर्णयाची योग्यायोग्यता हा येथे विषय नाही. परंतु खेड्यापाड्यांतील ज्या तरुणांनी तेथे लाखो चाहते मिळवले होते, त्यांना त्यांतील एकालाही बरोबर नेता आले नाही. पालाखालची जमीनच निघून गेली.

याहून सूक्ष्म धोका असा की, जत्रा चालू असते, आपले पालही असते, पण वाट दुसरीकडे वळवलेली असते. आपल्या खात्याला दहा हजार अनुयायी असले म्हणजे आपण टाकलेले चित्र दहा हजार जणांना दिसते, असे नव्हे. कोणाला काय दाखवायचे हे कंपनीची संगणकीय पद्धत ठरवते. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केले की, यापुढे आप्तमित्रांच्या मजकुराला प्राधान्य मिळेल आणि व्यावसायिक पानांचा मजकूर कमी दिसेल. वापरकर्त्याच्या दृष्टीने ते चांगलेही असेल, परंतु ज्याने वर्षानुवर्षे खपून आपले पान वाढवले, त्याला कोणी विचारले नव्हते. ज्याला पुन्हा दिसायचे असेल त्याने जाहिरातीचे पैसे भरावेत, हा त्याचा व्यावहारिक अर्थ. यात लबाडी आहे असे मी म्हणत नाही. मेटाचे जवळजवळ सारे उत्पन्न जाहिरातींतून येते, तो त्यांचा धंदा आहे. आपला धंदा कोणता आहे, हे आपण ओळखले पाहिजे इतकेच.

एका गटाची गोष्ट

आमच्या गल्लीत दहा-बारा बायकांचा एक बचत गट आहे. जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवणे हे त्यांचे काम. आमच्याकडे वाकळ म्हणतात, इतरत्र गोधडी. त्या गटात माझी आईही आहे, म्हणून हा प्रश्न मला केवळ पुस्तकी वाटत नाही. गटातील एकीच्या मुलाने एका समाजमाध्यमावर खाते उघडले. वाकळांची छायाचित्रे लोकांना आवडली आणि दोन वर्षांत मागणी पुण्या-मुंबईपर्यंत गेली. एका दिवाळीच्या तोंडावर ते खाते बंद झाले. 'नियमभंग' एवढेच कारण कळवण्यात आले. कोणता नियम, कोणते छायाचित्र, काही नाही. अर्ज केले, त्यांना यंत्राने उत्तरे दिली. शिवून तयार असलेल्या वाकळा घरात घडी करून राहिल्या.

पुढे जे घडले ते मला अधिक बोधप्रद वाटते. गटाच्या खजिनदारबाई जुन्या वळणाच्या. प्रत्येक पार्सलची पावती त्यांनी एका वहीत चिकटवून ठेवली होती. त्या वहीतून त्रेसष्ट पत्ते निघाले. त्यांतील बहुतेकांचे फोन क्रमांकही होते. बायकांनी एकेकाला फोन केले आणि दिवाळीनंतर का होईना, निम्म्याहून अधिक माल गेला. खात्यावरील हजारो अनुयायी एका सकाळी नाहीसे झाले, वहीतील त्रेसष्ट गिऱ्हाइके मात्र राहिली. व्यवसायाचे खरे भांडवल कोणते, याचे याहून स्पष्ट उत्तर मला अद्याप मिळालेले नाही.

आता कोणी म्हणेल, मग ॲमेझॉन किंवा फ्लिपकार्टवर माल ठेवावा. तेही उपयोगी आहे. पण ती अडत्याची गादी आहे, आपले दुकान नव्हे. तेथे विक्रीवर दलाली द्यावी लागते, आपल्या मालाशेजारी दहा स्वस्त माल मांडलेले असतात आणि घेणारा 'ॲमेझॉनवरून घेतली' असे सांगतो, शिवणारीचे नाव त्याच्या लक्षात राहत नाही. वही पुन्हा दुसऱ्याकडेच.

स्वतःचे दुकान म्हणजे काय?

स्वतःच्या ऑनलाईन दुकानाचे भाग पेठेतील दुकानाप्रमाणेच असतात. पहिला भाग म्हणजे नाव, ज्याला डोमेन म्हणतात. ते अधिकृत नोंदणीदाराकडे नोंदवावे लागते. साध्या नावाला वर्षाला काहीशे ते हजार-पंधराशे रुपये पडतात आणि घरपट्टीप्रमाणे ते दरवर्षी भरावे लागतात. २०१४ सालापासून देवनागरी लिपीत '.भारत' हा पत्ताही घेता येतो. येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. पुष्कळदा दुकान उभारून देणारा ओळखीचा मुलगा डोमेन स्वतःच्याच नावावर नोंदवतो. सातबारा ज्याच्या नावावर, शेत त्याचे. म्हणून नाव मालकाच्याच नावे, मालकाच्याच ईमेलवर नोंदवावे.

दुसरा भाग म्हणजे जागा आणि मांडणी. येथे दोन मार्ग आहेत. कॅनडातील शॉपिफाय या २००६ साली सुरू झालेल्या सेवेसारख्या कंपन्या मासिक भाड्याने तयार दुकान देतात. दुसरा मार्ग वर्डप्रेसवर चालणाऱ्या, २०११ साली आलेल्या वूकॉमर्सचा. तो मोफत मिळतो, मात्र जागेचे भाडे आणि डागडुजी आपल्याकडे. पहिला सोपा, दुसरा मोकळा. दोन्हींत काही ना काही भाडे आहेच, हे मान्य केले पाहिजे. फरक असा की, नाव आणि गिऱ्हाइकांची यादी आपली असल्यामुळे एका जागी जमले नाही तर बिऱ्हाड दुसरीकडे हलवता येते. पाटी तीच राहते, येणाऱ्याला वाट चुकत नाही.

तिसरा भाग गल्ल्याचा. समाजमाध्यमावर सौदा बहुधा निरोपांतून होतो. 'किंमत काय?' हा प्रश्न पन्नास जण विचारतात, पन्नास वेळा उत्तर द्यावे लागते, आणि पैसे भरल्याचे खोटे चित्र पाठवून माल उकळणारेही भेटतात. स्वतःच्या दुकानात किंमत मालाखाली लिहिलेली असते. यूपीआय २०१६ साली आले, त्यामुळे खेड्यातील माणूसही फोनवरून पैसे देऊ लागला. दुकानाला जोडलेली पेमेंट गेटवे ही व्यवस्था पैसे खरोखर आले की नाही याची खात्री करूनच मागणी नोंदवते. तिचा आकार साधारणपणे शेकडा दोन रुपयांच्या आसपास असतो. माल पोचल्यावर पैसे घेण्याची सोयही ठेवता येते. आपल्या आजोबांच्या पिढीला टपालाची व्ही.पी. ठाऊक होती, ही तिचीच नात. मात्र पार्सल नाकारले गेले तर जाण्यायेण्याचा दोन्ही खर्च विक्रेत्यावर पडतो, तेव्हा ती बेतानेच द्यावी.

चौथा आणि सर्वांत मोलाचा भाग खातेवहीचा. कोणी काय घेतले, केव्हा घेतले, कोणत्या गावी गेले, याची नोंद आपोआप होते आणि तिची प्रत आपल्याकडे उतरवून ठेवता येते. खजिनदारबाईंची वही ती हीच. अर्थात लोकांचे पत्ते ही ठेव आहे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने ती जपण्याची जबाबदारी सांगितली आहेच, पण कायदा नसता तरी गिऱ्हाइकाचा पत्ता चव्हाट्यावर मांडणे शोभणारे नाही.

दुकान आले म्हणजे कायदाही आला. २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे विक्रेत्याचे नाव, पत्ता, संपर्क, माल परत घेण्याच्या अटी आणि तक्रार कोणाकडे करायची हे स्पष्ट दाखवावे लागते. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हावे लागते. खाद्यपदार्थ असतील तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी हवी, मग ते घरच्या चुलीवर केलेले का असेनात. परराज्यात करपात्र माल विकायचा तर सामान्यतः जीएसटी नोंदणी लागते, हस्तकलेच्या वस्तूंना त्यात काही सवलत आहे. हे जाच वाटतील, परंतु अनोळखी माणसाने आपल्याला आगाऊ पैसे द्यावेत अशी अपेक्षा असेल, तर आपले नाव-गाव त्याला दाखवणे हे कमीत कमी होय.

काही आक्षेप

पहिला आक्षेप असा की, आडवाटेच्या या दुकानात येणार कोण? आक्षेप खरा आहे. दुकान उघडले म्हणून रांग लागत नाही. म्हणूनच जत्रा सोडायची नाही. जत्रेत माल दाखवायचा आणि पत्ता पेठेचा द्यायचा. प्रत्येक चित्राखाली, प्रत्येक पार्सलात, प्रत्येक प्रदर्शनात तोच पत्ता. शिवाय आजची चित्रफीत उद्या प्रवाहात वाहून जाते, परंतु दुकानातील पान जागेवर असते. आज लिहिलेले वाकळीचे वर्णन दोन वर्षांनीही गूगलवर शोधणाऱ्याला सापडू शकते.

यासंबंधात कोल्हापुरी चपलेचे उदाहरण विचार करण्याजोगे आहे. २०१९ साली तिला भौगोलिक निर्देशांक मिळाला, त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार आणि कर्नाटकातील चार जिल्हे आहेत. जून २०२५ मध्ये मिलान येथे इटलीच्या प्राडा कंपनीच्या प्रदर्शनात तशाच चपला दिसल्या, सुरुवातीस श्रेय दिले गेले नाही, टीका झाली आणि कंपनीने त्यामागील भारतीय परंपरा मान्य केली. त्या दिवसांत जगभर या चपलेचे नाव गाजले. असे कुतूहल थोडे दिवस टिकते. ते कारागिराच्या दारी पोचायचे तर कारागिराला दार हवे, आणि ते परदेशातून उघडता येईल असे हवे.

दुसरा आक्षेप खर्चाचा आणि कौशल्याचा. ज्याची विक्री अद्याप महिन्याला पाच-सात नगांची आहे, त्याने घाई करू नये. त्याला जत्रा आणि वही पुरे. पण ज्याच्याकडे तेच गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येऊ लागले, त्याने पाल सोडून गाळा पाहण्याची वेळ आली, असे समजावे. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिताना तहान भागते खरी, पण ओंजळ केव्हा उघडेल हे आपल्या हाती नसते.

आमच्या गटाने नाव नोंदवले आहे, तेही गटाच्याच नावावर. दुकान उभे राहायचे आहे. ते चालेल की नाही हे आज सांगता येणार नाही.

आपल्या महाविद्यालयात अनेकांच्या घरी असा लहानसा व्यवसाय आहे, आणि तो घरच्यांच्या जुन्या फोनवर एका खात्याच्या आधाराने चालला आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्याला काय येते, असे लोक विचारतात. त्याला निदान लिहिता येते. येत्या सुट्टीत तीन कामे करता येतील. गेल्या दोन वर्षांतील गिऱ्हाइकांची नावे आणि पत्ते एका वहीत उतरवावेत, घरच्या व्यवसायाचे नाव घरच्यांच्याच नावे नोंदवावे, आणि घरी तयार होणाऱ्या दहा वस्तूंचे खरे, नेटके, शुद्ध मराठीत वर्णन लिहावे. ती वस्तू कशाची, कोणी केली, किती दिवस लागले, किती टिकेल. दुकानाचा पाया एवढाच असतो.

(द्वितीय वर्ष, कला)