सबवूफरचा कस वॅटमध्ये नाही, जुळणीत

गाडीत नवा सबवूफर बसवणाऱ्या वर्धेकरांनो, आवाजाचा दर्जा वॅटवर नाही, जुळणीवर ठरतो. ४० हर्ट्‌झची ध्वनिलहर सुमारे साडेआठ मीटर लांब, म्हणजे केबिनपेक्षा मोठी. त्यामुळे बंद गाडीत खालचा बेस आपोआप वाढतो. वर गेनही चढवला की डग्ग्याची घुमक हरवून नुसता गडगडाट उरतो. म्हणून लो-पास फिल्टर ८० हर्ट्‌झच्या आसपास ठेवा आणि गेन कमीवरून हळूहळू वाढवा.

‘समृद्धी महामार्गावर वेगात बेस ऐकूच येत नाही,’ हा आक्षेप खरा आहे. टायरचा आवाजही त्याच खालच्या पट्ट्यात असतो. पण तेवढ्यासाठी गेन कायमचा वाढवू नका. दारांना डॅम्पिंग शीट लावा, बेस नॉब हाताशी घ्या आणि गावात शिरताच तो उतरवा. कारण निवासी भागात रात्री १० नंतरची आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे.